शिजल्याची खात्री करण्याचे साधन

दुपारी झोपणाऱ्या माणसाच्या हातून कुणाचं वाईट होत नाही, असं माझं अनेक वर्षांचं मत होतं. ते मी आता मागे घेतो. दुपारी झोपणाऱ्या माणसाला नोटीस येऊ शकते, त्याची सरकारी पडताळणी होऊ शकते आणि भर सभागृहात बावीस डोळ्यांदेखत तो खोटा पडू शकतो. माझ्या बाबतीत हे सगळं दीड महिन्यात झालं. मी तर नुसता आडवा झालो होतो हो!

वजनमापं खात्यात मी चौतीस वर्षं काढली. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनं पडताळायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर जप्त करायची. निवृत्त झालो तेव्हा शिक्का खात्याकडे राहिला आणि 'मापकाका' हे नाव माझ्याकडे. अजूनही बिल्डिंगमधल्या बायका दुधाचं पातेलं घेऊन येतात आणि "काका, अर्धा लिटर वाटतंय का हो?" असं विचारतात. मी नुसतं बघून सांगतो. आमची ही म्हणते की मी उगाच नाकाने कांदे सोलतो, पण ते जाऊ द्या.

तर त्या दुपारी मी जेवून झोपलो होतो. पडदा ओढलेला, पंखा सावकाश फिरतोय, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा पायावरून हळूहळू गुडघ्याकडे चाललेला. स्वप्नात मी ढगांवर शिक्के मारत होतो. ढगांची ही लांबलचक रांग, सगळे कसे शिस्तीत उभे. एक लठ्ठ ढग काही केल्या काट्यावर बसेना. मी त्याला समजावत होतो तेवढ्यात खात्याचा जुना शिपाई दार ढकलून आत आला. त्याच्या हातात एक झाकलेलं भांडं होतं, आणि त्यातून असा काही वास येत होता की सगळे ढग माना वळवून बघायला लागले. कांदा, काहीतरी भाजलेलं, काहीतरी गोडसर, आणि खाली कुठेतरी ओल्या मातीसारखं. मग मला कळलं की वास शिपायाच्या भांड्याचा नाही, आमच्या खोलीतलाच आहे. मी उठलो. अनवाणी, बनियनवर, केस उभे, तसाच जिना चढत गेलो. पहिला मजला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर वास एकदम दाट झाला. मी बेल वाजवली. दार उघडलं.

"झालं वाटतं," मी म्हणालो.

आता मी असं का म्हणालो, हे मला विचारू नका. झोपेतला माणूस काय बोलतो याचा जाब कुठल्याच खात्यात द्यावा लागत नाही. पण दारातल्या बाईंनी चौकट धरली. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग धावत आत गेल्या, गॅसवरून एक जड भांडं खाली उतरवलं, स्टुलावर बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

परक्या बाईच्या दारात बनियनवर उभं राहून तिला रडवणं, हे माझ्या वयाला आणि हुद्द्याला शोभणारं नव्हतं. मी तसाच खाली पळालो आणि हिला वर पाठवलं.

ही दीड तासाने परत आली ती एक वाडगा आणि सगळा इतिहास घेऊनच. चौथ्यावरच्या ताई सहा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर कुठल्याशा लांबच्या देशातून इथे आल्या. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. त्यांच्याकडे एक पदार्थ करतात. कांदे, कंद, सुकवलेली पानं असं सगळं जाड बुडाच्या भांड्यात भरायचं, झाकण ठेवायचं आणि कडेने कणीक लावून ते बंद करून टाकायचं. एकदा बंद केलं की उघडायचं नाही, उघडलं की वाया गेलं. मग शिजलं हे कळायचं कसं? तर वासावरून. पण चुलीपाशी बसलेल्या बाईचं नाक कांदा चिरल्यापासून त्याच वासात असतं, ते कामातून गेलेलं. म्हणून घरातलं एक माणूस शेजारच्या खोलीत झोपवायचं. झोपलेल्या माणसाचं नाक कोरं असतं. वासाने तो उठला, की झालं.

"चाळीस वर्षं त्यांचा नवरा झोपायचा," ही म्हणाली. "उठून दारात यायचा आणि म्हणायचा, 'झालं वाटतं.' अगदी तुमच्यासारखंच. तो गेल्यापासून त्यांनी चार वेळा केलं, दोनदा कच्चं राहिलं आणि दोनदा करपलं. आज शेवटचं म्हणून लावलं होतं."

"शेवटचं का?"

"मुलगा बोलावतोय. लांबच्या शहरात असतो. महिनाअखेर घर सोडायचंय. तो म्हणतो, आई, इथे ये, काही करायचं नाही, नुसतं बसायचं. त्यांना जायचं नाहीये हो. म्हणाल्या, त्याच्याकडे चूल नाही, नुसती बटनं आहेत."

वाडग्यात काय होतं ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की मी वाडगा चाटूनपुसून साफ केला.

तर या वाडग्यातून पुढचं सगळं रामायण उभं राहिलं. आमच्या हिला कल्पना सुचल्या की त्या शेजारणींना सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. रात्रीच्या जेवणाआधी ठरलंसुद्धा. खालच्या सभागृहात स्वयंपाकाचा वर्ग काढायचा. बाहेरच्या देशांतून आलेल्या बायकांनी आपापल्या घरचं शिकवायचं. चौथ्यावरच्या ताई होत्याच. शिवणकाम करणाऱ्या शिवणताई आल्या, त्यांच्या देशात भाकरी उलट्या कढईवर भाजतात. रुग्णालयातल्या नर्सताई आल्या, त्या दुधात तांदूळ शिजवताना हलवायला अजिबात बसत नाहीत, उभ्याने आठाचे आकडे काढत हलवतात. ताईंनी मुलाला कळवलं की महिनाभर थांब, वर्ग लागला तर मी येत नाही. या सगळ्याला संचालक हवा होता. ती जागा माझी, हे मी गृहीत धरलं. एक वही केली, पहिल्या पानावर 'संचालक' लिहून खाली रेघ ओढली.

"भाऊ, तुम्ही नाही का झोपणार?" ताईंनी विचारलं.

"मी संचालक आहे," मी म्हणालो.

"हो, पण झोपणार कोण?"

सभागृहाच्या कोपऱ्यात खाट आली, खाटेपुढे पडदा आला आणि संचालक आडवा झाला.

पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. पडद्यापलीकडे सुऱ्यांचा टकटक आवाज चालला होता, शिवणताई पीठ थापत होत्या, नर्सताई काहीतरी पुटपुटत होत्या, आणि हे सगळं लांबून आल्यासारखं कानावर येत होतं. मधूनच पडद्याची कड हलायची, एखादी शिकणारी डोकावायची आणि आत सांगायची, "अजून झोपलेतच." चौतीस वर्षं लोक माझ्याकडे बघून घाबरले. आता माझ्याकडे भाताकडे बघतात तसं बघत होते. पण झोप मात्र लागली. स्वप्नात मी एका मोठ्या पारड्यात बसलो होतो आणि समोरच्या पारड्यात एकेक करून खिडक्या ठेवत होते, उघड्या खिडक्या, त्यातून वारा यायचा. सातव्या खिडकीतून वास आला. मी उठलो, पडदा सारला आणि म्हणालो, "झालं वाटतं." ताईंनी कणीक फोडली. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी म्हणाल्या, "अगं बाई!"

इथेच थांबायला हवं होतं. पण शिकलेलं घरी करून बघायला प्रत्येकीला झोपणारा हवा. वहिनींनी पुढच्या वेळी नवऱ्यालाच आणलं, सरावासाठी. मग तिसरीने सासऱ्यांना आणलं. आठवड्यात सभागृहात चार खाटा झाल्या. वहिनींचे यजमान इतके घोरायचे की भांड्यावरचं झाकण थरथरायचं. सासरे उठायचेच नाहीत, त्यांना हलवून सांगावं लागायचं की झालं, जेवून घ्या. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर रोज येऊन सल्ला देत. "डाव्या कुशीवर झोपा, उजवी नाकपुडी मोकळी राहते." माझ्या नाकाबद्दल बिल्डिंगमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नातसुद्धा झाली नव्हती.

मग चेअरमन आले. दारात उभे राहून त्यांनी चारही खाटा मोजल्या.

"हे सभागृह आहे की दवाखाना?"

"वर्ग आहे," मी अंगावरची चादर सारखी करत म्हणालो.

"परवाना आहे?"

झालं! दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. वीस तारखेपर्यंत अन्नपरवाना आणावा, नाहीतर सभागृह कॅरमच्या टेबलांसाठी देण्यात येईल. ताईंनी नोटीस दोनदा वाचली. "मुलगा अठ्ठावीसला न्यायला येतोय," एवढंच म्हणाल्या आणि हातातला कांदा चिरत राहिल्या.

कागदपत्रांचं काम म्हणजे माझा हातखंडा. मी परवान्याचा अर्ज आणला, चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात भरत गेलो. रकाना चौदापाशी येऊन घोडं अडलं. 'पदार्थ शिजल्याची खात्री करण्याचे साधन.' दातांचे डॉक्टर म्हणाले, "घड्याळ लिहून टाका हो, कोण बघतंय!" मीही ताईंना म्हणालो की साडेतीन तास लिहितो. ताई म्हणाल्या, "कधी अडीच लागतात, कधी चार. कांद्यावर आहे. खोटं कसं लिहायचं, भाऊ?" आता मी आयुष्यभर दुकानदारांना हेच सुनावत आलो होतो. मी पेन उचललं आणि रकान्यात लिहिलं: झोपलेला माणूस (एक).

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज वाचला, मान वर केली, परत वाचला.

"साधन कोणत्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही. मीच आहे."

"तुम्ही साधन?"

"हो."

"शेवटची पडताळणी कधी झाली?"

"माझी?"

"साधनाची. पडताळणीशिवाय साधन चालत नाही. वजनमापं खात्याचा दाखला लागेल."

ज्या इमारतीत चौतीस वर्षं मी पडताळणी केली, तिथे मी पडताळून घ्यायला गेलो. जुना सहायक आता माझ्या खुर्चीवर होता. मला बघून ताडकन उठला, चहा मागवला, घरची विचारपूस केली. काम सांगितल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला.

"साहेब, नियमात कसं बसवू?"

"बसव बाबा कसंही. एका बाईचं घर अडकलंय."

त्याने खूप विचार केला. शेवटी मला धान्याच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. मी उभा राहिलो. भोवती चार कारकून जमले, त्यातल्या दोघांना मीच कामाला लावलं होतं. "साहेब, जरा श्वास रोखा, काटा हलतोय." मी श्वास रोखला. त्याने लिहिलं: साधनाचे वजन अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम, साधन स्थिर आहे. आणि माझ्या जुन्या शिक्क्याने माझ्यावर, म्हणजे माझ्या कागदावर, शिक्का मारला. घरी आल्यावर हिने दाखला वाचला आणि म्हणाली, "दोन किलो वाढलात की हो."

तपासणी एकोणीस तारखेला दुपारी दोनला ठरली. निरीक्षकबाई बरोबर दोनला आल्या. बारीक, करड्या साडीत, हातात फळी आणि तिला अडकवलेला अर्ज. त्यांनी नळ बघितला, सुऱ्या बघितल्या, खिडक्यांच्या जाळ्या हलवून बघितल्या, आणि मग विचारलं, "साधन कुठे आहे?"

अकरा जणींनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं.

भांडं गॅसवर चढलं होतं. नवरेमंडळी कामावर गेलेली, सासरे गावाला गेलेले, म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. मी खाटेवर पडलो. पडदा ओढला गेला. डोळे मिटले. आणि लक्षात आलं की आज डोळ्याला डोळा लागायचा नाही.

तुम्ही कधी सरकारी अधिकाऱ्याच्या समोर झोपायचा प्रयत्न केलाय? ज्या झोपेसाठी हिची आयुष्यभर बोलणी खाल्ली, ती नेमकी आज रुसून बसली. मी ढग आठवले, पारडी आठवली, उघड्या खिडक्या आठवल्या. खिडक्या बंद होत्या. पडद्यापलीकडे निरीक्षकबाईंच्या बुटांचा आवाज येत होता. एक तास झाला. दोन झाले. तिसऱ्यात त्या म्हणाल्या, "मला पावणेपाचला दुसरीकडे जायचंय." मी झोपलेलो नव्हतो, म्हणजे माझं नाक कोरं नव्हतं, आणि मला वासातलं आता काही कळत नव्हतं. पण अठ्ठावीस तारीख कळत होती. बटनांचं घर कळत होतं. मी अंदाज बांधला, केस विस्कटले, जांभई दिली, पडदा सारला आणि म्हणालो, "झालं वाटतं."

ताई माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही झोपला नव्हता, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

आमची ही खाली बघायला लागली. चौतीस वर्षांत मी किती खोटी वजनं पकडली असतील! खोटं वजन हातात घेतल्याबरोबर कळतं, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. ताईंनाही कळलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "झोप आलीच नाही. मी सोंग केलं. निरीक्षकबाई, लिहा, साधन खोटं आहे."

लाज वाटली हो, खरंच वाटली. निरीक्षकबाईंनी लिहिलं. मग फळीवरचा कागद उलटला. "रकाना पंधरा. पर्यायी साधन?"

तो रकाना मी भरला नव्हता. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनी म्हणाल्या, आपल्याला तर उभ्याने घाम फुटलाय. नर्सताई नुकत्याच झोपून आलेल्या. मग ही पुढे झाली. आमच्या हिच्याबद्दल मी काय काय बोलत असतो, पण त्या दिवशी तिने जे केलं ते मला सुचलं नसतं.

"ताई, तुम्ही झोपा."

"मी?" ताई घाबरल्या. "मी कशी? भांड्यापाशी कोण?"

"हे बसतील. आयुष्यभर काट्याकडे बघत बसलेत, भांड्याकडे बघतील. तुम्ही तीन रात्री जाग्या आहात, मला माहितीय. जा, तोंड धुवा, खिडकीत जरा उभ्या राहा, आणि मग पडा."

"मी कधी दुपारी झोपलेच नाही," ताई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण ओढणीने हात पुसत खाटेकडे गेल्याही. हिने त्यांच्या अंगावर माझी चादर घातली. दोन मिनिटांत पडद्यामागून लांब, सावकाश श्वास ऐकू यायला लागला.

मी स्टुलावर बसलो. आच बारीक होती. ऊन खिडकीच्या गजांतून आत येऊन फरशीवर पडलं होतं आणि हळूहळू निरीक्षकबाईंच्या खुर्चीकडे सरकत होतं. त्यांनी बूट काढून ठेवले होते. वहिनी भिंतीला टेकल्या होत्या, शिवणताईंच्या हातात पीठ तसंच होतं. पावणेपाच झाले, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. जागेपणी स्वप्न बघावं तसं सगळं झालं होतं. मी नाक पुढे करून वास घेत होतो आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. चाळीस वर्षं या बाईने असंच स्टुलावर बसून काढली, हे मला तेव्हा कळलं. स्वतःच्या हातचा वास तिला कधी आलाच नाही. तो नेहमी दुसऱ्या खोलीत जायचा.

कणकेला एके ठिकाणी केसाएवढी चीर गेली. मी श्वास रोखला, काट्यावर रोखला होता तसाच.

पडदा हलला.

ताई उभ्या होत्या. केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, पाय अनवाणी. डोळे उघडे होते पण त्या अजून पुऱ्या इकडे आल्या नव्हत्या. त्यांनी नाक किंचित वर केलं.

"झालं वाटतं," त्या म्हणाल्या.

आणि मग स्वतःच स्वतःचे शब्द ऐकून थबकल्या. भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"असा येतो वास?" त्या म्हणाल्या. "इतका? मला वाटायचं, भूक लागली की लाडीगोडी लावतात. चाळीस वर्षं सांगत होते हो ते. मी म्हणायचे, पुरे झालं, हात धुऊन या."

मी भांडं उतरवलं. ही ताईंजवळ जाऊन उभी राहिली. निरीक्षकबाई बुटांत पाय न घालताच पुढे आल्या, कणीक फोडायला सांगितलं, एक चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग फळी घेतली आणि लिहायला लागल्या.

परवाना मुदतीच्या दिवशी, वीस तारखेलाच आला. फ्रेम करून सभागृहात लावलाय, चेअरमनांच्याच हस्ते. त्यावर मुख्य साधन म्हणून चौथ्यावरच्या ताईंचं नाव आहे. माझं नाव खाली बारीक अक्षरात, 'पर्यायी' म्हणून. मी हरकतीचा अर्ज लिहून ठेवला होता, पण हिने तो वाण्याच्या यादीसाठी वापरला. आता आठवड्यातून एकदा ताई झोपतात आणि मी स्टुलावर बसतो. कांदे मीच चिरतो.

अठ्ठावीसला मुलगा यायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला फोन केला. मी तिथेच होतो, कांदे घेऊन. पलीकडून तो बराच वेळ समजावत होता, इकडे आराम आहे, काही करायला नको, नुसतं बसायचं.

"नाही रे, बाळा," ताई म्हणाल्या. "येत नाही मी. इथे मला झोप लागते."